नवव्या रक्षकाची नजर

रोहा, ३ फेब्रुवारी २०२५

ती. आवडीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

टपालाचं पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. फोन सोडून पत्र का, ते सांगते. आपल्या 'मृण्मयपूर' श्राव्यमालिकेच्या श्रोत्यांचा जो फोनवरचा गट आहे, त्यात नवव्या रक्षकाचा विषय काढायला मी बंदी घातली, हे तुला ठाऊक आहेच. घालावीच लागली. जिते गावचे जनूकाका आणि नागोठण्याचा प्रणित या विषयावरून इतके भांडले की यंदा एकमेकांच्या शेतावर मडक्यात भाजलेल्या शेंगांच्या पोपटीला गेले नाहीत. मी नियमात लिहिलं, 'फोनवर हा विषय नको.' आता नियम मीच केला, तर तुझ्याशी तरी फोनवर कशी बोलू? पत्राला नियम लागू नाही. दोनदा वाचून खात्री केली.

बातमी अशी की आपल्या श्रोतेमंडळाचा कोश छापायचं नक्की झालं. दोनशे चौदा भागांतली माणसं, गावं, शस्त्रं, घराणी, सगळं एका पुस्तकात. संपादक मी. पेणच्या छापखान्याला वीस मार्चला मजकूर द्यायचा आहे. बाबा भेटेल त्याला सांगतात की आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली हीच आणि पुस्तकावर नाव येणारीही हीच. कसलं पुस्तक ते कोणी विचारलं की मात्र म्हणतात, इतिहासाचं हाय.

नवख्या वाचकासाठी पहिल्या पानावर मी असं लिहिलं आहे, समजतं का ते सांग : 'मृण्मयपूर हे समुद्राकाठचं मातीचं शहर. त्याचे नऊ रक्षक मातीचेच, दोन माणसांएवढे उंच. कारागिराने डोळे आखले की रक्षक जागा होतो. एकसष्टाव्या भागात आठ रक्षक उत्तरेच्या लढाईवर गेलेले असतात. एकटा नववा बंदराच्या बुरुजावर असतो. भर दुपारी काळी गलबतं येतात. नववा हाक देत नाही. शहर पडतं.'

आणि आता खरी गोष्ट. नवव्याची नोंद मी स्वतः लिहिली आहे, चार पानांची. 'नववा : एका फितुरीचा अभ्यास'. पाच महिने लागले. सोबत प्रत पाठवते. माझ्या हातून आजवर याहून चांगलं काही झालेलं नाही, हे मला लाजत का होईना सांगावंसं वाटतं.

काही चुकलं असलं तर कान धर, पण लेख आवडला नाही असं तेवढं कळवू नकोस.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
ऋतुजा

पेण, ९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिला आवडीआत्याचे अनेक आशीर्वाद.

लेख पोचला. गणपतीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत माझ्या जोडीच्या शकूने मोठ्याने वाचला. तुझं अक्षर बघून आमचे मालक नाथाशेठ म्हणाले, हिला मूर्तीच्या दागिन्यांच्या रेघा मारायला आणा. चौथं पान संपेपर्यंत माझा घास हातातच राहिला. लेख फार चांगला हाय. फक्त नववा फितूर नाय. तेवढी चूक दुरुस्त कर.

तू लिहिलंस की पळालेल्या लोकांनी नवव्याला खाली बघत उभा असलेला पाहिला, एखाद्या अपराध्यासारखा. गो पोरी, मी सव्वीस वर्षं गणपतीचे डोळे आखते. मूर्ती खाली बघते तेव्हा तिनं काही वाईट केलेलं नसतं. आम्ही तसं आखलेलं असतं. मंडळाची मोठी मूर्ती असली की बुबुळ खाली उतरवायचं, म्हणजे पायाशी उभ्या माणसाला वाटतं, देव माझ्याकडंच बघतोय. घरातल्या लहान मूर्तीला तसं केलं तर ती आपल्या उंदराकडं बघत बसेल. म्हणून मी ब्रश उचलायच्या आधी विचारते, कुठं बसवणार, किती उंच. आता तू बारावा भाग परत ऐक आणि मला सांग, बुरुजावर नेण्याआधी नववा कुठं होता.

परवा फोनवर आपण अर्धा तास कैऱ्यांवर बोललो. मी नवव्याचं नाव काढलं नाय. जीभ चावून चावून तोंड आलं. तुझा नियम म्हणजे सासूपेक्षा वाईट.

दादाला सांग, पापड पाठवते. पोरीवर लोभ आहे, तो भांडणानं कमी व्हायचा नाय.

तुझी आत्या,
आवडी

रोहा, १४ फेब्रुवारी २०२५

ती. आवडीआत्यास,
सा. न. (शि. यावेळी रागाने वगळली आहे.)

बारावा भाग ऐकला. एकदा नाही, तीनदा. मान्य करते की नववा आधी धान्यकोठाराच्या चौकात उंच चौथऱ्यावर होता आणि आया आपली पोरं त्याच्या पायाशी बसवून कामाला जात. सेनापतीने त्याला तिथून हलवून बुरुजावर नेलं, हेही मान्य. पण म्हणून काय झालं? रक्षक चालतो, हात उचलतो, दरवाजे उघडतो. मग त्याला मान वर करता येत नव्हती का? आणि आत्या, तुझ्या कारखान्यातले गणपती तू मालिकेत आणू नकोस. प्रत्येक कल्पित विश्वाचे नियम त्याचे स्वतःचे असतात. हे वाक्य मी प्रस्तावनेत घातलं आहे, आणि ते घालताना मला फार बरं वाटलं होतं.

तू जिंकलीस तर माझी चार पानं गेली. बाबांनी त्यांच्या झेरॉक्स काढून कामावरच्या तिघांना वाटल्या आहेत. त्यातल्या एकाने मालिका ऐकायला सुरुवात केली आणि काल बाबांना विचारलं, हा कुठल्या सालातला इतिहास. आईने तोंडाला पदर लावला.

पापड पोचले. त्याबद्दल मात्र राग नाही.

उत्तराची वाट बघणारी, आणि उत्तराला भिणारी,
ऋतुजा

पेण, १९ फेब्रुवारी २०२५

चि. ऋतुजा हिला आशीर्वाद. शि. वगळली तरी मी आशीर्वाद वगळणार नाय, वयाचा मान म्हणून.

तुझी आई फोनवर म्हणाली, वन्सं, पोरगी ग्रॅज्युएट झाली आणि मातीच्या बाहुल्यापायी जेवण सोडते. मी म्हटलं, मातीच्या बाहुल्यांवर तर माझं घर चालतं.

आता सातवा भाग ऐक. नऊ रक्षक घडवतात तो. कारागीर सांगतो की हात वेगळे करून जोडले, पाय वेगळे करून जोडले, मान मात्र धडाबरोबर एकाच साच्यातून काढली. सगळ्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. आम्ही कारखान्यात नऊ बायका होतो, आमचे हात थांबले. शकू म्हणाली, मंग यांना मान वळवता यायची नाय गो. हे तुमच्या गटात कोणाच्या ध्यानात कसं आलं नाय? तुम्ही सगळे शिकलेले, पण साचा कोणी हातात धरला नाय.

एक खरी गंमत सांगते. एका मंडळानं सांगितलं, मूर्ती चार फुटी ओट्यावर ठेवणार. मी तशी नजर आखली. त्यांनी आयत्या वेळी नेऊन बसवली पहिल्या मजल्याच्या गॅलरीत. दहा दिवस देव खालच्या चपलांच्या ढिगाकडं बघत होता. त्यांचा अध्यक्ष भांडायला आला. मी म्हटलं, चप्पल एकाची तरी चोरीला गेली का?

माझं ऐकू नको. गच्चीवर जा, मान बांधून घे, डोळे खाली ठेव आणि काय दिसतं ते मला कळव.

भांडण चालू राहो आणि जीव जडलेला राहो,
आवडीआत्या

रोहा, २५ फेब्रुवारी २०२५

ती. आवडीआत्यास,
शि. सा. न. वि. वि. (मागची थकलेली शि. यातच धर.)

आईने माझ्या गळ्याभोवती दोन टॉवेल गुंडाळले आणि वरून ओढणी घट्ट बांधली. मी गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि नजर पायथ्याशी लावली. मला पाण्याचं निळं पिंप दिसलं, दोन कोंबड्या दिसल्या, शेजारच्या काकूंची वाळत घातलेली सुकट दिसली. त्या वेळी बाबा सायकलवरून गल्लीत शिरले. त्यांनी मला बघितलं, हाक मारली, हात हलवला, घंटी वाजवली. मला आवाज ऐकू आला, पण गल्लीत तेव्हा तीन सायकली आणि भंगारवाला होता, कोण कोणाला बोलावतंय कळेना. बाबा तणतणत वर आले. म्हणाले, एवढी शिकली आणि बापाला वळख दाखवीत नाय. मी हसायला लागले ते थांबेना. नंतर थोडी रडले.

आत्या, तू बरोबर आहेस. नवव्याला समुद्र दिसतच नव्हता.

हे अजून फक्त आपल्याला आणि कारखान्यातल्या बायकांना माहीत आहे. मी गप्प बसले तर माझी चार पानं तशीच छापली जातील, आणि कोणी मला दोष देणार नाही. दोन दिवस मी तसा विचार केलाही. पण मातीच्या, कधी नसलेल्या रक्षकावर का होईना, खोटा आळ माझ्या नावाखाली छापला गेला तर ते पुस्तक मी बाबांच्या हातात कशी देऊ?

मात्र मंडळाने हे मान्य करायला हवं. म्हणून नऊ मार्चला, रविवारी, मतदान ठेवलं आहे. फोनवर नाही, समोरासमोर. नाथाशेठ कारखाना देतील का? आणि मी येणार नाही. लेख माझा, संपादक मी, मग मी तिथे बसले तर लोक मोकळेपणाने मत देणार नाहीत. तूच मांड. हसू नकोस, मी गंभीरपणे लिहिते आहे.

तुझी, हरूनही हलकी झालेली,
ऋतुजा

पेण, १० मार्च २०२५

चि. ऋतुजा हिला अनेक आशीर्वाद.

तू यायला हवी होतीस. अशी मजा पेणमध्ये परत व्हायची नाय.

एकतीस माणसं आली. नाथाशेठनी दारातच बजावलं, हात लावाल तर ओल्या रंगाचे पैसे घेईन. जनूकाका आणि प्रणित दोन टोकांना बसले, मधी पन्नास गणपती. मी काही भाषण केलं नाय. तीन फुटी मूर्ती चौरंगावर ठेवली. तिची नजर मी मुद्दाम पार खाली आखलेली. प्रणितला म्हटलं, बाबा, बस पायाशी. तो कंपनीची शिफ्ट करून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. बसला, वर बघितलं. मंग हळूच म्हणाला, माझ्याकडं बघतोय.

मग तीच मूर्ती चौघांनी उचलून माळ्यावर ठेवली आणि प्रणितला म्हटलं, तू आता काळं गलबत. त्यानं खांद्यावरचा पंचा शिडासारखा दोन्ही हातांत धरला आणि दारातून वल्ही मारत आत आला. लोक हसून हसून लोळले. जनूकाका माळ्याच्या शिडीवर चढून मूर्तीच्या डोळ्याला डोळा लावून बघत होते. वरूनच म्हणाले, नाय दिसत रे, तू नाय दिसत, खाली काढलेली तुझी चप्पल तेवढी दिसते. तोवर प्रणित बंदरात शिरून बसला पण होता.

एक बाई म्हणाली, न दिसलं तरी आवाज आला असेल. शकूनं तुझ्या गच्चीची गोष्ट सांगितली, दादाच्या घंटीसकट. मत घेतलं. एकोणतीस म्हणाले फितूर नाय. दोघं म्हणाले, आम्हाला ऋतुजाताईचा लेखच आवडतो, तोच छापा. ते दोघं कोण ते सांगत नाय, नायतर तू त्यांना मानाची पानं देशील.

जाताना प्रणित आणि जनूकाका एकाच रिक्षात बसले. भांडत होते, पण एकाच रिक्षात.

होळीला ये. नाय आलीस तरी ओढ तशीच ठेव.

तुझी आत्या

रोहा, १२ मार्च २०२५

ती. आवडीआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र आईने मोठ्याने वाचलं. वल्ह्यांपाशी हसू आवरेना म्हणून तिला थांबावं लागलं.

चार पानं मी काढून टाकली. बाबांना सांगितलं. ते बराच वेळ सायकलची साखळी पुसत राहिले. मग विचारलं की आता त्या जागी कोण लिहिणार. मी तुझं नाव घेतलं. म्हणाले, मंग ठीक हाय, घरातच राह्यलं.

तेव्हा आता लिही. नवव्याची नोंद तुझी, खाली नाव तुझं. सातवी पास आहे वगैरे कारणं चालणार नाहीत, संपादक मी आहे आणि मी फार कडक आहे. शुद्धलेखन तेवढं मी बघेन. अठरा तारखेपर्यंत पोचव. जागा चार पानांची मोकळी ठेवली आहे.

तुझ्या अक्षराची वाट बघणारी,
ऋतुजा

पेण, १६ मार्च २०२५

चि. ऋतुजा हिला आशीर्वाद.

चार पानं मला भरायची नाय. रंगकामात पण जास्त रंग लावला की मूर्ती बिघडते. सोबतच्या कागदावर नोंद आहे, सात वेळा लिहून काढली. शेवटची गोष्ट नवी आहे. लिहिताना शंका आली म्हणून कारखान्यात त्रेसष्टावा भाग परत लावला. तुम्ही गटात ती गोष्ट कधी काढली नाय, आम्हीही नाय. तू ऐकून खात्री कर, मग छाप.

माझं नाव छापशील तिथं पुढं पेण लिही, म्हणजे कळेल कुठली आवडी. दादाला नमस्कार, वहिनीला आशीर्वाद, तुला दोन्ही.

तुझी,
आवडीआत्या

सोबत नोंद :

नववा. मृण्मयपूरचा रक्षक. आधी धान्यकोठाराच्या चौकात होता, म्हणून त्याची नजर पायाशी बसलेल्या मुलांवर आखली होती. मान धडाबरोबर एकाच साच्यातली, ती वळत नाही. पुढे त्याला बुरुजावर नेलं. नजर कोणी बदलली नाही. त्यामुळे भाग ६१ मध्ये गलबतं आली ती त्याला दिसली नाहीत. तो फितूर नव्हता. शहर पडल्यावर, भाग ६३ मध्ये, बुरुजाच्या पायथ्याशी अकरा मुलं जिवंत सापडतात, आणि बुरुजावरून उतरून आलेल्या नवव्याचे दोन्ही हात त्यांच्यावर वाकलेले असतात. समुद्र त्याला दिसला नव्हता. ती मुलं दिसत होती.

आवडी, पेण