गुरुजींच्या कवितांची शाई

यवतमाळ, १९ डिसेंबर २००५

चि. मंदार यास काकाचे भरभरून आशीर्वाद.

चाळीस टाक एकदम कागदावर चालले की वर्गात कसा आवाज व्हायचा, तुला कसं कळणार? वाळक्या पानांवरून शेळ्यांचा कळप गेल्यासारखा. त्या आवाजाच्या ओढीने हे पत्र हाताने लिहितो आहे, असं म्हणणार होतो. पण खरं सांगायचं तर तू दिवाळीत दिलेल्या प्रिंटरची शाई संपली. तुझी तब्येत कशी आहे, छोट्या शाल्मलीचा खोकला कसा आहे ते कळव. इथे तुझ्या रजनीकाकूचे गुडघे थंडीत कुरकुरतात, बाकी क्षेम.

आमचे देवराव गुरुजी कळंबला असतात. संक्रांतीला नव्वद पूर्ण करतील. आता फक्त मोठं अक्षर दिसतं त्यांना. शाळेत त्यांनी पाठ करून घेतलेल्या कविता मी आठवून आठवून संगणकावर उतरवल्या (एक कडवं रजनीला येतं, पण ती ते चालीवर म्हणते आणि मध्येच भाजीला फोडणी द्यायला उठते). म्हटलं, गुरुजींना पुन्हा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी वाचता याव्यात. अक्षर टपोरं, जाड. भोवती जास्वंदीची वेल (वेल ही माझी चूक). सोळाव्या पानावर प्रिंटरने दिवा लुकलुकवला. संपला होता गुलाबी रंग, आणि हा पठ्ठ्या काळं छापायलाही तयार नाही! एक मुलगा गैरहजर म्हणून सगळ्या वर्गाला सुट्टी, असं गुरुजींनी कधी केलं नाही.

दुकानदाराने शाईच्या दोन डब्यांचा भाव सांगितला तेव्हा मी स्टुलावर बसलो. त्यात थोडे घातले तर नवा प्रिंटर येतो म्हणे! सोबत रामसिंग होता (माझा वर्गमित्र; तांड्यावर राहतो, कापूस पिकवतो, यंदाचा अजून घरातच पडून आहे). त्याने बोटभर डबी उलटसुलट पाहिली. “आमच्या कापसाचा भाव पाडाले दहा जन येते. याचा भाव पाडाले कोनी काहून येत नाई बे?” दुकानदाराने चहा मागवला.

शाळेत दर सोमवारी आम्ही शाईची पूड पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचो. कमी पडली की आणखी पाणी. तोच धडा गिरवला. रामसिंगने गुरांच्या इंजेक्शनची सुई आणली, मी पेनाची निळी शाई. डबीतला वाळका स्पंज उपटून त्याने आपला कापूस ठासला. “हा शाई धरते, पाहाय तू.” धरली, छपाई सुरू होताच सगळी सोडली. प्रिंटर, टेबलक्लॉथ, आम्ही दोघे, सगळे निळे. रजनीने संध्याकाळपर्यंत टेबलक्लॉथ घासला. मग म्हणाली, “मंदारला कळवा, पुढच्या दिवाळीला पाटी-पेन्सिल पाठव.”

तू एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू घालवली, याची फार लाज वाटते रे. उरलेली पानं हाताने लिहीन. हाताच्या अक्षराची माया यंत्राला कुठली? तेव्हा मला काही नको. सुखात राहा.

तुझा
श्रीकृष्णकाका

ता. क. हाताने लिहून पाहिलं. अक्षर कापतं, गुरुजींना लागणार नाही. संक्रांतीआधी पुण्याच्या ट्रॅव्हल्सने एक काळी, एक रंगीत डबी पाठव. आणि त्या डब्या ज्यात बसतील असा प्रिंटरही.

ता. क. २. दार वाजलं म्हणून उठलो, तर खुद्द गुरुजी! एकटे एसटीने आलेत. टेकायच्या आधीच पिशवीतून एक बाड काढलं. “श्रीकृष्ण, तुझ्याकडे छापायचं यंत्र आलंय म्हणे. या माझ्या कविता. आजवर कुणाला दाखवल्या नाहीत. दोनशे पानं असतील.” मंदार, मी हो म्हणून बसलो.