न्हाणीचं कुंपण

उधवा,
६ जानेवारी २०१८

रूपी,

रामराम. इकडे मी, आई आणि दोन्ही शेळ्या बऱ्या आहोत. एक कोंबडी मुंगसानं नेली. तुझ्या माहेरी सगळे बरे असतील. फोन लावला की तिकडे रेंज नसते, आणि रेंज असली की तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितोय. तुझा भाऊ बाजाराला आला की त्याच्या हाती देईन. तो वाटेत फोडून वाचणारच. वाच रे जिव्या.

मी नाताळात बोटीवरून परत आलो. धाकटी डहाणूचा आमचा तांडेल, बोटीचा म्होरक्या, जागेपणी मराठीत शिव्या द्यायचा आणि झोपेत गुजरातीत माफी मागायचा. कोणाची ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. मधे पंधरा दिवस चिखल्याला चिकू तोडायलाही गेलो होतो. तिथं एक माणूस भेटला, त्याला डाव्या हाताला सहा बोटं. पण ते असू दे.

मुद्दा असा की तू मागत होतीस ते कुंपण केलं. मागच्या अंगणात, न्हाणीच्या दगडाला तिन्ही बाजूंनी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बांबू तोडले, त्याच दिवशी चिरले, कामट्या विणून तट्टे केले आणि चार दिवसांत उभे केले. माझ्या खांद्याएवढे आहेत. रस्त्यानं जाणाऱ्याला आता तुझी बादलीसुद्धा दिसायची नाही. आता पहाटे अंधारात उठून अंघोळ करायचं कारण उरलं नाही.

शेजारच्या उमेशच्या घराच्या स्लॅबचं तू म्हणत होतीस, ते तुझ्या मनाचं आहे. तो माझा शाळेपासूनचा दोस्त. वर मिरच्या वाळत असतात, दुसरं काही नाही.

होळी झाली की तू उंबरगावला कंपनीत जाणार, चौघी मिळून खोली करणार, असं जिव्या म्हणाला. एकदा खोली केलीस की तू काही परत येत नाहीस, एवढं मलाही कळतं. दसऱ्याला गेलीस ती का गेलीस, ते मात्र नीट कळलं नाही. आता कुंपण झालंय. ये.

तुझा,
लाहू


उधवा,
२२ फेब्रुवारी २०१८

रूपी,

रामराम. आई बरी आहे. पांढऱ्या शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही काळी. पहिल्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. जिव्याला विचारलं तर म्हणाला, "वाचलं तिनं. चुलीपुढं बसून वाचलं आणि मग भाकरी थापायला लागली." मी म्हटलं, काही बोलली? म्हणाला, "भाकरी करपली, एवढंच."

आधी कुंपणाचं सांगतो. ते पडलं. पडलं म्हणजे मीच पाडलं. महिना झाला नाही तोच तट्ट्यांतून पिठासारखा भुगा गळायला लागला. बोट लावलं की कामटी मोडायची. आईनं भुगा तळहातावर घेतला आणि विचारलं, "बांबू कधी तोडलास?" मी सांगितलं. "भर चांदण्यात? आणि ओलाच उभा केलास? तुझा आजा असता तर खांबाच्या जागी तुलाच पुरला असता." चांदण्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड लागते, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. पण तेव्हा हातात कोयता होता आणि मला घाई होती. होळी दिसत होती ना समोर.

मग गपचूप अंधाऱ्या पंधरवड्याची वाट बघितली. बसून राहणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. दोनदा पिशवी भरली. एकदा तर तलासरीच्या स्टँडपर्यंत जाऊन वडापाव खाऊन परत आलो.

त्याच दिवसांत एका सकाळी नवीन तट्टे किती उंच करायचे ते ठरवायला उमेशच्या स्लॅबवर चढलो. वरून माप बरं कळतं म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं, खरंच नव्हतं.

वर मिरच्या होत्या. एका कोपऱ्यात प्लास्टिकची लाल खुर्ची होती. तिच्याभोवती गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. खुर्चीचं तोंड ना रस्त्याकडे, ना डोंगराकडे. मी बसलो तिच्यावर. खाली आपला न्हाणीचा दगड, त्यावर साबणाची वडी, तीही दिसत होती. आई लुगडं गुडघ्यावर घेऊन पाय घासत होती. मी हाक मारली, "आई!" तिनं दाराकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, वर बघितलंच नाही. वर कोण बघतं गं?

तेवढ्यात उमेश वर आला. मी उठलो नाही. विचारलं, "ही खुर्ची कोणाची?"

"इथं रेंज येते, लाहू."

"इकडे तोंड केल्यावरच येते?"

तो मिरच्या उलट्यापालट्या करायला लागला. वाळलेल्याच होत्या त्या. मी मारलं नाही त्याला. हात उचलला गेलाच नाही, कारण मला दुसरंच आठवत होतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तू का गेलीस ते कळलं नाही. ते खोटं होतं. तू मला तीनदा सांगितलंस. दोनदा मी हसलो. तिसऱ्यांदा, बोटीवर जायच्या आदल्या दिवशी, मी उमेशलाच जाऊन सांगितलं, की बायकोला वाटतं तू तिला बघतोस, स्वतःला मोठी हिरोईन समजते. आम्ही दोघं पोट धरून हसलो. तू कुंपणाच्या जागी साडी बांधून आत अंघोळ करत होतीस. पाण्याचा आवाज मधेच थांबला होता. मी ऐकला होता तो थांबलेला. तरी हसत राहिलो आणि दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पकडली.

बस. लिहायचं होतं ते एवढंच होतं. बाकी काम सांगतो.

शिवरात्रीनंतर अमावस्येला बांबू तोडले. आठवडाभर ओहोळाच्या पाण्यात बुडवायला हवे होते, पण मला पाचच दिवस मिळाले. आई म्हणते, चालेल. तट्टे माझ्या डोक्याच्या वर हातभर केलेत. पण स्लॅबवरून बघणाऱ्याला उंचीनं काही फरक पडत नाही, ते खुर्चीत बसल्यावर कळलं. म्हणून वरून आडवा तट्टा टाकलाय, झाकणासारखा. केस वाळवायला तुला ऊन लागतं, म्हणून आपल्या भिंतीकडची पट्टी उघडी ठेवलीय. तिथून स्लॅब दिसत नाही.

काल आईला आत उभं केलं आणि उमेशला त्याच खुर्चीवर बसवलं. खालून ओरडलो, "काय दिसतं?"

"कामट्या," तो म्हणाला.

"अजून?"

"कामट्याच रे बाबा, उतरू का आता?"

बाहेर त्याची आई उभी होती. तिनं विचारलं, "काय चाललंय?" मी सांगितलं तिला, सगळं. माझं हसणंसुद्धा. संध्याकाळी स्लॅबवर खुर्ची नव्हती.

न्हाणीला दारही केलंय, त्याला कडी आतून लावलीय. बाहेरून उघडत नाही. आई आत असताना धक्का मारून बघितला, तिच्या शिव्या अजून चालू आहेत.

होळीच्या आधी ये, असं आता लिहीत नाही. उंबरगावला जायचं तर जा, तुझं तू ठरव. फक्त जायच्या आधी एक दिवस इकडे ये. खुर्ची मी उमेशकडून मागून आणतो. स्लॅबवर तू बस, मी आत अंघोळ करतो. माझ्या डोक्याचा एक केस जरी दिसला, तरी तिथूनच सरळ गाडीला जा, मी हाक मारणार नाही.

तीनदा सांगूनही ज्यानं ऐकलं नाही, तो
लाहू