दफनभूमीच्या पूर्वेकडच्या भिंतीबाबत

मी, राघू हौशीराम भिंगारदिवे, वय एकोणतीस, धंदा ट्रकवर क्लीनर (आता काही नाही), राहणार कळंबजवळची वस्ती, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहितो. अंगात ताप असतो पण डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी दारू पाजलेली नाही. दारू सहा महिन्यांपासून पोटात राहतच नाही. शाळा आठवीपर्यंत, तीही मधून मधून, म्हणून वकिली शब्द चुकेल तिथे अर्थ बघावा. आजाराचं नाव लिहीत नाही. ट्रकच्या धंद्यात लागतो तो. चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला माझ्यापाशी आला आणि माझे चुलते हनुमंतकाका यांनी तो पुढे न नेता खाली ठेवला, त्या रविवारी सगळ्या मंडळीला आजार कळला.

याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. करण्यासारखं काही नव्हतं.

१. घर. आईच्या मागे माझ्या नावावर आलेली एक खोली आणि पडवी बहीण आशा हिला द्यावी. अट एकच, सलोमी टोप्पो ही बाई हयात असेपर्यंत तिथे राहील, भाडं न देता. सलोमी कोण ते पुढे येईल. आशा, तू कुरकुरशील. पण आईच्या शेवटच्या महिन्यात तिचं अंग पुसायला कोण होतं ते आठव. मी गाडीवर होतो. तू मंचरला होतीस.

२. पाने, जॅक आणि टॉमी (चाक खोलायची पहार). हे जानकूला द्यायचे होते. जानकू म्हणजे माझा ड्रायव्हर, आठ वर्षं एका केबिनमध्ये झोपलो. पण तो या कागदावर साक्षीदार आहे, आणि वकील म्हणाले साक्षीदाराला काही देता येत नाही. जानकू म्हणाला, "मंग मरायच्या आदी दे की राव, आत्ताच. कायद्याला काय कळतंय." दिले. त्याने तिथल्या तिथे एक पाना हरवला. असो.

३. जमिनीची पट्टी. हे मुख्य. मंडळीच्या दफनभूमीच्या पूर्वेच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत दोन गुंठे, सातबारा माझ्या नावावर. त्यात एक बाभूळ आणि एक कबर आहे. कबर पात्रस टोप्पोची, सलोमीच्या नवऱ्याची. ती तिथे का आहे, हे लिहिल्याशिवाय अट कळणार नाही.

अठ्ठ्याण्णव साली नारायणगावचे टोमॅटो घेऊन आम्ही पार रांचीकडे गेलो. गुमल्याच्या अलीकडे, तेव्हा ते बिहारच होतं, गाडीचा गिअरबॉक्स गेला. माल सडला. जानकू पार्ट आणायला गेला आणि मी गाडीपाशी तापाने पडलो. तिथल्या उरांव लोकांच्या चर्चमध्ये मला उचलून नेलं. तीन आठवडे पात्रसच्या घरी होतो. भात, लाल मुंग्यांची चटणी (ती एकदा खाऊन बघावी, आंबट असते, पण ते वेगळं). मी कोण, कुठल्या मंडळीचा, कोणी विचारलं नाही. निघताना मीच म्हणालो, "हमारे इधर आओ, काम बहुत है." माणूस बोलून जातो. पण २००१ मध्ये तो खरंच आला, बायकोला घेऊन, आणि आमच्या मंदिरापासून (चर्चला आम्ही मंदिरच म्हणतो) अर्ध्या कोसावरच्या खडी क्रशरवर लागला.

रविवारी दोघं उपासनेला यायची. चपला काढून मागे, दारापाशी. गाणी चालीवर ओळखायची आणि आपल्या भाषेत म्हणायची. स्त्रियांच्या मंडळातली एक म्हणाली, "ह्यांचा सूर लई उंच जातोय बाई, आपलं ऐकूच येत न्हाई." दीड वर्षात कोणी त्यांना पुढे बसा म्हटलं नाही. मीही नाही.

२००३ च्या जानेवारीत, शुक्रवारी, क्रशरच्या पट्ट्यात पात्रसचा हात गेला, मग खांदा. शनिवारी सकाळी चिरफाड करून प्रेत ताब्यात मिळालं. सलोमीने दफनभूमीत जागा मागितली. पंच बसले. हनुमंतकाका, माझे सख्खे चुलते, मंडळीचे वडील, म्हणाले, "राघू, नाव ख्रिस्ती आहे रं, पण नावाला काय कागद म्हणत्यात का? त्याच्या मंडळीचं पत्र पायजे. आज ह्यो, उद्या कोनीबी येईल." आमच्यात गाव बदललं की जुन्या मंडळीचं पत्र आणून नव्या मंडळीत द्यायची रीत आहे. रीत जिवंत माणसासाठी आहे, हे त्या दिवशी कोणाला सुचलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, पत्र नसेल तर तिकडच्या पाळकाचा फॅक्स चालेल. नंबर माझ्या डायरीत होता. मला मंचरला पाठवलं.

बूथवाला म्हणाला, "लाइन लागंना, अर्ध्या तासानं या पावणं." त्या अर्ध्या तासात ओळखीची गाडी भेटली, नारायणगावला निघालेली. तिथे तमाशाच्या राहुट्या लागल्या होत्या. म्हटलं जाऊ, येऊ. मी आयुष्यभर असाच गेलो. परत आलो तो रविवारी सकाळी, उपासना चालू असताना. फोन केलाच नव्हता.

तो मिशन रविवार होता. आमच्या मंदिरात व्यासपीठामागे जगाचा नकाशा आहे. दर मिशन रविवारी कळंबला टोचलेल्या टाचणीपासून एकेका देशापर्यंत लोकरीचा दोरा ओढतात आणि त्या देशासाठी प्रार्थना करतात. लहानपणी आई गुंडा धरायची, मी स्टुलावर चढून दोरा ओढायचो. ब्राझील मी ओढलेलं आहे. त्या दिवशी नेपाळचा लाल दोरा ओढला, टाळ्या झाल्या. क्रशरवरचे दोन नेपाळी त्याच वेळी बाहेर, दफनभूमीच्या भिंतीला टेकून, ताडपत्रीखालच्या पात्रसवरच्या माशा हाकत होते. सलोमीने मला विचारलं, "भैया, चिट्ठी आया?"



वास यायला लागला होता. मी म्हटलं, माझ्या पट्टीत पुरू. मी, ते दोघे नेपाळी आणि शेजारच्या लंकाबाई, ज्यांच्या मेंढ्या तिथे बसतात, असं चौघांनी खणलं. लंकाबाई म्हणाल्या, "तुमच्या देवाच्या घरात मानसं हायती का नुस्ता नकाशा?" पाळकसाहेब आले, पण पंचांना न दुखवता. भिंतीच्या आतल्या बाजूला उभं राहून त्यांनी प्रार्थना केली. आवाज आला. तोंड दिसलं नाही.

फोन मी सोमवारी केला. अकरा दिवसांनी टपालाने पत्र आलं. ते मी कोणाला दाखवलं नाही, कारण शनिवारीच फोन केला असता तर फॅक्स वेळेत आला असता हे सगळ्यांना कळलं असतं. पंचांनी कागद मागितला हा त्यांचा दोष. तो आणला नाही हा माझा. आज दोन्ही लिहून ठेवतो.

आता अट. ही पट्टी मी मंडळीला देतो. पण मी गेल्यापासून एक वर्षाच्या आत पूर्वेची भिंत पाडून ओढ्यापर्यंत नवी बांधावी, म्हणजे पात्रस आत येईल. आणि ठरावाच्या वहीत लिहावं की या दफनभूमीत परमुलखातल्या माणसाला पत्र मागणार नाही. हे न केल्यास पट्टी लंकाबाईंच्या मुलाला मेंढ्यांसाठी द्यावी, आणि मंडळीने भिंत बघत बसावं.

४. आईशेजारची माझी जागा. पंचांनी ती माझ्या नावाने राखली आहे. मला नको. क्रशरवरचं, बागेवरचं, कोंबड्यांच्या शेडवरचं जे कोणी लांबचं माणूस पुढे मरेल, त्याला ती द्यावी. आई रागावणार नाही, तिला सोबत आवडायची. मला पात्रसशेजारी पुरावं. माझी पेटी घेऊन मंडळीला भिंतीबाहेर यावंच लागेल. पाळकसाहेब, या वेळी बाहेर या.

५. पत्र. पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या बायबलात आहे. हिंदीत आहे. माझ्या मातीच्या वेळी माझ्याबद्दल कोणी चांगलं बोलू नये, त्याऐवजी ते पत्र हनुमंतकाकांनी मोठ्याने वाचावं. काका, चष्मा घेऊन या. तीनच ओळी आहेत. पात्रस आमचा आहे, त्याला तुमचा समजा, आणि राघूभैयाची तब्येत आता कशी आहे, असं त्यात विचारलं आहे.

६. लोकरीचा गुंडा. आईचा, निळा, अजून उरलेला आहे. तो मंडळीला. पुढच्या मिशन रविवारी मंदिरापासून क्रशरपर्यंत दोरा ओढावा. नकाशावर तेवढी जागा नाही, दुसरी टाचणी पहिलीच्याच भोकात जाईल. मग दोरा हातात उरेल. तो घेऊन चालत जावं.

व्यवस्थापक म्हणून बहीण आशा हिला नेमतो. वरचं सगळं वाचून, कळून, साक्षीदारांच्या समोर सही करतो. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: राघू हौशीराम भिंगारदिवे

साक्षीदार:
१. जानकू बबन थोरात, ड्रायव्हर, रा. नारायणगाव (सही)
२. इंद्रायणी दत्तू काळे, आरोग्यसेविका, रा. कळंब (सही). या बाईंनी माझ्या हातून चहा घेतला, तेही नोंदवावं.

ठिकाण: कळंब
तारीख: ९ ऑक्टोबर २००४