माथ्यावरचा नमस्कार

भोकरदन, ६ जानेवारी २०२६

तीर्थरूप दादांस अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोन बंद ठेवलाय, म्हणून टेंभुर्णीच्या बसच्या कंडक्टरजवळ लाडवांच्या रिकाम्या डब्यात हे पत्र देतेय. वीस तारखेला आमच्या कॉलेजात समाजसेविका सगुणाबाईंचं बालविवाहावर व्याख्यान आहे. ते मीच ठरवलं. तेव्हापासून अनोळखी माणसं फोनवर धमकावतात. कालच्या माणसाने माझी खोली गल्लीत कितवी, तेही बराबर सांगितलं. दादा, मला फार भीती वाटते. पण माघार घेतली तर वर्गातल्या पोरींना काय तोंड दाखवू?

तिळाचे लाडू तुम्हीच वळलेत ना? दात अजून शाबूत आहेत. आईला यातलं काही सांगू नका.

माया आहेच, ती वाढती ठेवा.

तुमची अर्पिता

टेंभुर्णी, ८ जानेवारी

चि. अर्पितास अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल, मी सोडून. तुझं पत्र वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही, आणि तुझ्या आईसमोर हसावं लागतं. तीस वर्षं गावाला पत्रं लिहून दिली, कित्येकांची कामं झाली. लेकीसाठी काय लिहावं ते सुचेना. व्याख्यान रद्द कर आणि जल्दी घरी ये. मला धीट लेक नको, जिती पाहिजे.

म्हाताऱ्याचं एवढं ऐकावं.

तुझा दादा, रामकिसन

भोकरदन, १४ जानेवारी

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

सोमवारी कॉलेजच्या गेटवरच्या तक्रारपेटीत निनावी पत्र सापडलं. व्याख्यान झालं तर हॉल पेटवू, असं त्यात आहे. पेटीची किल्ली वॉचमन कडूबाकाकांकडे असते, म्हणून पोलिसांनी त्यांनाच ठाण्यात नेलं. त्यांना लिहिता येत नाही. त्यांच्या पत्नी मालनबाई दोन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसून आहेत.

प्राचार्यांनी ते पत्र मला दाखवलं. अक्षर वेडंवाकडं, डाव्या हाताने काढल्यासारखं. पण माथ्यावर प्राचार्यांना सा. न. वि. वि. आहे, आणि हॉल पेटवण्याच्या धमकीखाली ‘लोभ असावा’ लिहिलंय. पोलीस हसले. मला रडू आलं. नमस्कार घातल्याशिवाय पत्र सुरू न करणारा एकच माणूस मला माहीत आहे.

मी अजून कोणाला बोलले नाही. जे करायचं ते तुम्हीच करा.

अर्पिता

टेंभुर्णी, १५ जानेवारी

चि. अर्पितास आशीर्वाद.

होय, मीच. रविवारी बाजाराचं निमित्त काढून आल्तो. हॉलला धमकी दिली की लेक सुटेल, असं वाटलं. भीतीने माझी अक्कल गेली. उद्या पहिल्या बसने आधी ठाण्यात जातो, मंग कडूबाच्या घरी. एवढाच धीर धरतो की तुझे ते फोनवाले नुसतेच बोलतात.

राग येऊ दे, पण बोलणं टाकू नकोस.

दादा

भोकरदन, १८ जानेवारी

तीर्थरूप दादांस शि. सा. न. वि. वि.

पोलिसांनी समज देऊन तुम्हाला सोडलं, कडूबाकाकाही कामावर आले. तुमच्यावर चिडलेत, तरी तुम्ही आणलेला गूळ त्यांनी घरी नेला.

धमकी देणारा सापडला म्हणून गेटवरचा बंदोबस्त काढलाय. आज सकाळी माझ्या खोलीच्या दाराखाली एक कागद आला. तो घेऊन ठाण्यात गेले, तर साहेबांनी हसून विचारलं, वडील पुन्हा येऊन गेले का. फोनचं सांगितलं, तेही त्यांनी तुमच्याच खाती टाकलं.

परवा व्याख्यान आहे. मी उभी राहणार. तुम्ही पुढच्या रांगेत बसा, मला दिसाल असे.

दादा, या कागदावर नमस्कार नाही.

तुमची अर्पिता