डावखुरे शेतकरी

१२ जानेवारी, शुक्रवार

उत्कर्षाने आज सगळ्यांसमोर माझं नाक कापलं! माझीच पीएचडीची विद्यार्थिनी. वाशीमची.

सेमिनारला तिने नेमकं तेच चित्र लावलं, ज्यावर माझं पुस्तक उभं आहे. सतराव्या शतकातलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. रोमन पुराणातली लाटोना देवी दोन तान्ही पोरं घेऊन तळ्यावर पाणी मागते. शेतकरी मुद्दाम चिखल ढवळतात. ती शाप देऊन त्यांचे बेडूक करते. तिघा शेतकऱ्यांचे विळे डाव्या हातात आहेत. वीस वर्षांपूर्वी मी लिहिलं – डावा हात म्हणजे पाप, देवद्रोह. मुलं अजून परीक्षेत तेच लिहितात.

ही म्हणते, "मॅडम, तिघंही डावखुरे कसे? आमच्याकडे विळ्यानं सोयाबीन सोंगायला वीस बाया असल्या तर डावखुरी एखादीच. मला वाटतं ही कुणाच्या तरी चित्राची नक्कल आहे. बघून पत्र्यावर जसंच्या तसं कोरलं, छापल्यावर उलटं उमटलं."



"वा! म्हणजे आता तळटिपेत सोयाबीन घालायचं?" मी म्हटलं. हशा! मग मला थांबवेना. "आणि पान क्रमांकाच्या जागी काय – शेताचा गट नंबर?"

आमचे विभागप्रमुख वैजनाथसर, त्यांना हसून हसून ठसका लागला. शेवटी तीही हसली. ते बघून बरं वाटलं.

१३ जानेवारी

सकाळपासून भिंग घेऊन बसले आहे. एका शेतकऱ्याच्या कोटाची बटणंसुद्धा उलट्या बाजूला आहेत. इतक्या वर्षांत दिसली नाहीत मला!

२२ जानेवारी

परदेशातल्या एका संग्रहालयाला गुपचूप मेल केली होती. आज फोटो आला. मूळ छाप त्यांच्याकडे आहे, माझ्या पुस्तकातल्यापेक्षा जुना. विळे उजव्या हातात.

पोरगी बरोबर.

२३ जानेवारी

उत्कर्षा केबिनमध्ये आली. "मॅडम, संग्रहालयांना लिहून विचारू का?"

"आधी शुद्धलेखन सुधार. मग जगाला पत्रं लिही."

"हो, मॅडम."

फोटो तेव्हा माझ्या ड्रॉवरमध्ये होता – तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

९ फेब्रुवारी

तिचा प्रगती अहवाल. मी लिहिलं – 'दृष्टी अशास्त्रीय. विषय झेपत नाही.'

वैजनाथसर पेन हातात धरून बसले. "जरा कडक होतंय का?"

"खोट्या आशेवर ठेवणं जास्त क्रूर नाही का, सर?"

सही केली त्यांनी. नोंदणी रद्द. तिला बोलावून सांगितलं. रडेल म्हणून रुमाल काढून ठेवला होता. रडली नाही. रुमाल वाया गेला.

१ मार्च

माझं व्याख्यान! विषय – 'माझी एक चूक'. दोन्ही छाप शेजारी शेजारी दाखवले. नक्कल कशी उलटली, बटणं, विळे, सगळं. पाप-बिप काही नाही, म्हटलं. साधी कष्टकरी माणसं आहेत ही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. कुणीतरी म्हणालं, "स्वतःचं पुस्तक स्वतः खोडायला छाती लागते!"

चहाच्या वेळी वैजनाथसर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे ती मुलगी म्हणाली होती ना?"

"ती सोयाबीनबद्दल बोलत होती, सर. मी चित्राबद्दल."

"हं," म्हणाले आणि आणखी एक वडा घेतला.

६ मार्च

उत्कर्षाचे वडील आले होते. कोंडीराम. ती आली नाही. लायब्ररीची पुस्तकं परत करायला त्यांना पाठवलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसले.

"मले यातलं काई समजत नाई, मॅडम. खरं सांगा. माही पोरगी कमी पडली काय?"

मी म्हटलं, "हो."

 मग हात जोडून उठले.

"बरं झालं सांगतलं. दुसऱ्या सरायकडे धाडाचा विचार होता. आता नाई धाडत."