निळ्या गोळ्या

३ मार्च १९३४
राजापूरहून बैलगाडीने परत. वाटेत एका शेंदूर लावलेल्या दगडाआड मोकळा झालो. गाडीवान भिवा ओरडला, "तकडं नुको, मास्तर! राखणदाराची जागा हाय ती!" मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. दगड हे मिनरल आहे, असे त्याला समजावले. घरापर्यंत तो बोलला नाही. पटले असावे.

५ मार्च
लघवीला जळजळ. थेंब थेंब. उन्हाचा परिणाम. निश्चय: रोज तांब्याभर बार्लीचे पाणी. भिवाने माझ्या बायकोला, कमळाला, सगळे सांगितले आहे. "नारळ देऊन टाका हो," म्हणाली. मी हसलो. हसतानाही दुखले.

८ मार्च
बार्ली बंद. चव भिकार. वैद्यांचा गोखरूचा काढा एकदाच घेतला. गुण नाही, सोडला.
तिन्हीसांजेला विहिरीपाशी घोंगडी पांघरलेला म्हातारा दिसला. कंदील आणेपर्यंत नाहीसा. ऑप्टिकल इल्यूजन. वर्गात हा विषय घ्यावा.

११ मार्च
डॉक्टर आगाशे. कोवळे पोर. निळ्या गोळ्या दिल्या. काहीतरी बजावत होते, पण मी त्यांना जंतूंविषयी समजावून देत होतो, त्यामुळे नीट ऐकू आले नाही.

१२ मार्च, सकाळी
लघवी हिरवट निळी. थेट मोरचुदासारखी. मी मोरचूद खाल्लेला नाही. माणसाच्या शरीरात असा रंग नसतो.
कुणाला बोललो नाही. गोळ्या बंद. अशक्त देहावर औषधांचा मारा बरा नव्हे.

१२ मार्च, सायंकाळी
म्हातारा पुन्हा. आता माडाखाली, जवळ. त्याला तोंड नव्हते. उजेड कमी होता. खिडक्या लावून घेतल्या. डास फार.

१४ मार्च
केवळ कमळाच्या समाधानासाठी भिवाच्या हाती नारळ आणि कोंबडा पाठवला. मीही मनात माफी मागितली. तीही तिच्याचसाठी.
संध्याकाळी लघवी पिवळी! योगायोग. जळजळ तशीच.

१६ मार्च
हुडहुडी. ताप. कमरेत सुरी फिरते. तो आता खाटेच्या पायथ्याशी बसतो. कमळाला विचारले, दिसतो का? ती रडायला लागली. "मला कुणी दिसत नाही हो. तुम्हीसुद्धा धड दिसत नाही." डॉक्टरांना बोलावणे धाडले आहे. मी नको म्हणालो होतो. फार मोठ्याने नाही.

२४ मार्च
आज बसून लिहितो आहे. डॉक्टर म्हणाले, "लघवी निळी होईल, घाबरू नका, म्हणून सांगितलं होतं की, मास्तर! अर्ध्यात सोडल्यात, म्हणून जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले." त्याच गोळ्या पुन्हा. कमळा समोर बसून गिळायला लावते. पुन्हा निळी, पण ताप उतरला. म्हातारा नाही. तापातला भ्रम, असे डॉक्टरांचे मत.
विहिरीपाशी दिसला तेव्हा मला ताप नव्हता. हे त्यांना सांगितले नाही.

२७ मार्च
ठणठणीत. भिवा येऊन म्हणाला, राखणदार पावला. त्याला गोळ्यांचे सायन्स तासभर समजावले.
सांजेला परसात जायचे होते. कमळाला म्हटले, कंदील घेऊन चल, विंचू निघतात.
"विंचू होय?" म्हणाली, आणि आली. पाठ करून उभी राहिली. मी मधून मधून विचारत होतो, "आहेस ना?"
"आहे हो," म्हणत होती.