पहिला ग्लास वसंतरावांचा

३ ऑगस्ट २००२, शनिवार

— आणि वसंतरावांनी तो घोट थुंकला नाही. गिळला! ग्लास खाली ठेवून म्हणाले, "उत्तम. यल्ला, चल, पाठव."

मी शेजारीच उभा होतो. नुसत्या वासानंच कळत होतं. आंबट, व्हिनेगरसारखं.

ही इंग्लंडमधल्या एका लहान ब्रूअरीची बिअर. स्टीलच्या पिंपांतून येते, पिंपं रिकामी झाली की जहाजानं परत जातात, भरून पुन्हा येतात. माल जिवंत, वाटेत तापला की मेला. म्हणून कोल्ड स्टोअरमध्ये कंटेनर उघडला की पहिला ग्लास वसंतरावांचा. त्यांनी मान हलवली तरच माल हॉटेलात. साहेब स्वतः थेंबाला शिवत नाहीत.

इतक्या वर्षांत त्यांचं नाक कधी चुकलेलं नाही. माझंच चुकत असेल.

४ ऑगस्ट

आखातातला उकाडा. देरा भागातल्या ऑफिसातला एसी पुन्हा बंद.

७ ऑगस्ट, बुधवार

हॉटेलातून फोन. बिअर आंबट. पाहुण्यांनी ग्लास परत केले. साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "वसंतराव ने पास किया है, तो माल ठीक था. मतलब पाइप गंदी है."

पाइप म्हणजे शौकत. पिंपापासून बारच्या नळापर्यंतच्या नळ्या तो धुतो. दापोलीचा. दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "यतीनभाई, त्या नळीला तोंड लावून बघा. नुसतं पाणी लागंल. पाणी!"

मी म्हटलं, बघू.

८ ऑगस्ट

हॉटेलातून रिकामी पिंपं परत आली. कोणी नाही असं पाहून एकाची झडप दाबली, नाक लावलं. आतूनच आंबट. नळी घाण असती तर पिंपाच्या आत वास कसा येईल?

शौकतचं खरं आहे.

पिंप परतीच्या कंटेनरमध्ये चढवलं. तिकडे धुतील. मग कोणाला काही कळणार नाही.

९ ऑगस्ट, शुक्रवार

वसंतरावांकडे जेवायला. इथे आलो तेव्हा पहिले चार महिने यांच्याच घरी झोपलो. "एम.ए. झालास आणि पिंपं मोजतोस!" हे तेव्हापासून चालू आहे. आज ते म्हणाले नाहीत.

ते पान आणायला खाली उतरले तेव्हा कुमुदवहिनी ओट्याशी उभ्या राहून हळू बोलल्या. जुलैत यांना ताप आला, त्यानंतर वास कळेना. चवही. "परवा दूध करपून कोळसा झालं. हे शेजारीच पेपर वाचत बसलेले. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. कदाचित!" मग म्हणाल्या, "नोकरी गेली तर व्हिसा गेला. आमच्या पर्णिकाची मेडिकलची अजून दोन वर्षं आहेत, भावजी."

माझ्या पानात खीर वाढली. वसंतराव वर आल्यावर त्यांच्याही. त्यांनी खाल्ली आणि "छान झालीय" म्हणाले. वहिनी साखर घालायला विसरल्या होत्या.

१२ ऑगस्ट

साहेबांना संशय आलाय. बुधवारी वसंतरावांपुढे दोन ग्लास ठेवणार. एक ताज्या पिंपातला, एक उन्हात पडलेल्या जुन्या पिंपातला. "नाक ठीक है तो शौकत खलास. सीधी बात."

संध्याकाळी वसंतरावांना गाडीत गाठलं. मला माहीत आहे, एवढंच म्हटलं. ते समोरच्या सिग्नलकडे बघत राहिले. मी म्हटलं, ग्लास मीच भरणार आहे. तुम्ही आंबट उचललात की मी खाकरेन.

"म्हणजे नाक उसनं घेऊ म्हणतोस?"

हसले. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. शौकतचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनीही नाही.

१३ ऑगस्ट

शौकतनं बायकोला फोन करून सांगितलंय — शाळा सुरू आहे तोवर पोरांना काही बोलू नको. हे त्यानं मला का सांगावं!

१४ ऑगस्ट, बुधवार

ग्लास मी भरले. डावा ताजा, उजवा आंबट. दिसायला एकसारखे. साहेब खुर्चीत. शौकत दाराशी, टोपी हातात.

वसंतरावांनी डावा उचलला. वास घेतला, घोट घेतला, थुंकला. अगदी नेहमीसारखं. "उत्तम."

उजवा उचलला. मी खाकरलो. त्यांनी वास घेतला. मी पुन्हा खाकरलो, मोठ्यानं. साहेब म्हणाले, "पानी पी लो, भाई." वसंतराव ग्लासवरून माझ्याकडे बघत होते. घोट घेतला. सावकाश.

"हाही उत्तम," म्हणाले. "दोन्ही पाठव."

साहेब खुर्चीतून उठले. मग शौकतला म्हणाले, "जाओ, काम करो."

मला राग आला. अजूनही आहे. दोनदा खाकरलो! कानही गेले की काय या माणसाचे?

१५ ऑगस्ट

सकाळी शौकत नळ्या धुवायला हॉटेलात गेला. कुमुदवहिनींचा फोन आला — सामान बांधायला खोके हवे होते. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "रात्री हे हसत होते हो. म्हणाले, यतीन बिचारा किती खाकरला."

दहाला नवा कंटेनर लागला. पहिला ग्लास मी घेतला.